चौथीतली पुडी आणि नववीतले व्याख्यान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आज निपाणीतल्या प्रत्येक गल्लीतले एखादे तरी पोर पुण्यात नाहीतर बंगळूरला संगणकावर काम करते. त्या क्षेत्राची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा तुमच्या चुलतभावाकडून चांगली मिळेल. मला बोलायचे आहे तंबाखूविषयी, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तोंडात जाणाऱ्या तंबाखूविषयी.

विषय ऐकल्यावर संयोजक क्षणभर गप्प झाले. मी समजू शकते. निपाणीत उभे राहून तंबाखूला नावे ठेवायची म्हणजे ज्या विहिरीचे पाणी प्यायलो तिच्यातच दगड टाकण्यासारखे कुणाला वाटेल. म्हणून आधी माझा हिशेब सांगते. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला, केसांना, अगदी पिशवीतल्या भाकरीच्या फडक्यालाही तंबाखूचा वास असायचा, आणि खकाण्याने आलेला ठसका रात्री उशिरापर्यंत थांबायचा नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी तिने वखारीतून उचल घेऊन भरली. या सभागृहात असे कितीजण आहेत ते मला ठाऊक आहे. कुणाचे वडील शेतकरी, कुणाचे व्यापारी, कुणाचे हमाल, कुणाची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी. आपल्या सगळ्यांच्या वह्या-पुस्तकांत तंबाखूचा पैसा आहे.

याच पिकाला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या भागातले शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते. गोळीबार झाला, माणसे गेली. माझी पिढी तेव्हा जेमतेम जन्मलेली, पण ती गोष्ट आपण घराघरांत ऐकली आहे. वखारीतल्या बायकांनी मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटना बांधली, तिच्यावर १९८२ साली माहितीपट निघाला. हा इतिहास मला अभिमानाचा वाटतो. पण त्या शेतकऱ्यांनी आणि त्या बायकांनी झगडा केला तो पोराबाळांना शाळेत घालता यावे म्हणून. पोरांनी दप्तरात पुडी ठेवावी म्हणून कुणी लाठ्या खाल्ल्या नाहीत. आज शिवारात तंबाखूच्या जागी ऊस आणि सोयाबीन जास्त दिसते. पीक मागे सरकले, सवय मात्र सरकली नाही. माझे आजचे बोलणे पिकाबद्दल नाही, या सवयीबद्दल आहे.

आता थोडे आकडे सांगते. आकड्यांशिवाय बोलणे मला जमत नाही, सवयीचा दोष समजा.

आपल्या देशात शाळकरी मुलांच्या तंबाखूसेवनाचे एक मोठे सर्वेक्षण ठराविक काळाने होते. त्याची चौथी फेरी २०१९ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. देशभरातल्या ९८७ शाळांमधली ९७ हजारांहून अधिक मुले त्यात होती आणि निष्कर्ष काढले ते १३ ते १५ वर्षांच्या, म्हणजे साधारण आठवी ते दहावीच्या मुलांवरून. मुलांनी नाव न लिहिता वर्गात बसून उत्तरे भरली.

त्यातला पहिला आकडा आनंदाचा आहे. २००९ मध्ये १४.६ टक्के मुले तंबाखूचा कोणता ना कोणता पदार्थ वापरत होती, २०१९ मध्ये ते प्रमाण ८.५ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत बरीच घट झाली. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, पाकिटावरच्या चित्रांनी, कायद्याने, सगळ्यांनी मिळून काहीतरी साधले आहे. ‘काही उपयोग नाही, पोरं ऐकत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा आकडा मुली आणि मुलांचा आहे. मोठ्या माणसांच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशातले ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, म्हणजे तिप्पट फरक. शाळकरी मुलांमध्ये मात्र मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के. हा फरक जवळपास मिटत आला आहे. ‘हे पोरांचे लफडे, पोरींचा काय संबंध’ असे समजून आपण आजवर बोलत आलो. ती समजूत आता सोडावी लागेल.

तिसरा आकडा आपल्या राज्याचा. कर्नाटकात हे प्रमाण १.२ टक्के निघाले, देशात जवळजवळ सगळ्यांत कमी. अरुणाचल आणि मिझोरममध्ये ते ५८ टक्के आहे. मग निपाणीने हात झटकून मोकळे व्हायचे का? सरासरी कुणाच्याच घरात राहत नाही. बंगळूरच्या शाळा, किनारपट्टीच्या शाळा आणि तंबाखूच्या पट्ट्यातल्या शाळा एकत्र करून काढलेला आकडा आपल्या गल्लीबद्दल काही सांगत नाही. आपल्या गल्लीबद्दल आपल्यालाच विचारावे लागेल.

आणि चौथा आकडा, ज्याच्यासाठी मी आज इथे उभी आहे. ज्या मुलांनी कधी ना कधी खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरली होती, त्यांच्यातल्या ५२ टक्के मुलांनी ती पहिल्यांदा घेतली तेव्हा त्यांना दहावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते. बिडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटच्या बाबतीत ३८ टक्के.

दहा वर्षे पूर्ण होण्याआधी, म्हणजे तिसरी-चौथीत.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक साधा नियम आहे. बिघाड दिसला की आधी नोंदी उघडायच्या आणि तो पहिल्यांदा कधी झाला ते शोधायचे. शेवटी जिथे दिसला तिथे दुरुस्ती करून भागत नाही, आणि चूक जितकी उशिरा हाताशी लागते तितकी ती निस्तरणे महाग पडते. आता आपल्या शाळांत काय होते ते पाहा. ३१ मे च्या तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने नववी-दहावीच्या मुलांना हॉलमध्ये बसवून व्याख्यान होते. पडद्यावर सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवतात, मुले डोळे झाकतात, शपथ घेतात, फोटो निघतो, वर्तमानपत्रात येतो. वक्ते मनापासून बोलतात, त्यांचा अनादर मला करायचा नाही. पण व्याख्यान नववीत असते आणि पुडी चौथीतच हातात आलेली असते. मधल्या पाच वर्षांत आपण मुलाशी याबद्दल एक शब्दही बोललेलो नसतो.

दिवाळीनंतर मी इथे आले होते. मुख्याध्यापक सरांच्या परवानगीने आठवी आणि नववीच्या वर्गात दोन तास बसले. मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचे नाही असे बजावले आणि दोन प्रश्न विचारले. तंबाखू वाईट का? आणि तंबाखू पहिल्यांदा तुझ्या हातात कधी आली? ‘तोंडात’ असे मी मुद्दाम विचारले नाही, ‘हातात’ असे विचारले. ते काही शास्त्रशुद्ध सर्वेक्षण नव्हते, त्यामुळे टक्केवारी सांगणार नाही. काय लिहिले होते तेवढे सांगते.

पहिल्या प्रश्नाला बहुतेक सगळ्यांचे एकच उत्तर होते, कॅन्सर. कुणी तोंडाचा, कुणी घशाचा, एकाने तर लॅटिन वाटावे असे नाव लिहिले होते. म्हणजे माहितीची कमतरता नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणातही दहातल्या सात मुलांना दुसऱ्याच्या सिगारेटचा धूरसुद्धा आपल्याला अपायकारक आहे हे ठाऊक होते. आपण मात्र वर्षानुवर्षे मुलांना जे ठाऊक आहे तेच पुन्हा पुन्हा सांगतो आहोत.

दुसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन रात्री वाचल्या. ‘आज्जीची मशेरी तव्यावर भाजताना मी हलवायला बसायचो.’ ‘दाढ दुखत होती म्हणून काकीनं लावली.’ ‘आप्पा म्हणायचे, जा रं, पुडी घेऊन ये, उरल्या पैशाची गोळी खा.’ ‘मामाला मावा मळून दिला की मामा दोन रुपये देतो.’ ‘गणपतीच्या मांडवात रात्री जागायला मोठ्या पोरांनी दिली.’ ‘बाबांच्या शर्टाच्या खिशात असते, धुवायला टाकताना मी काढून ठेवते.’

यातल्या एकाही चिठ्ठीत कुणी वाईट माणूस नाही. आपण मुलांना सांगतो की वाईट संगतीला लागू नका. इथे संगत आहे ती आज्जीची, काकीची, मामाची, बाबांची. ज्यांच्यावर मुलाचा सगळ्यांत जास्त जीव आहे, त्यांच्या हातून ती त्याच्या हातात आली. गोळीच्या गोडीबरोबर आली, कौतुकाबरोबर आली. नववीच्या व्याख्यानात दिसणारा फोटो त्याला खोटा वाटत नाही, तो त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. कारण ‘आमचे बाबा रोज खातात, त्यांना तर काही झालं नाही.’ हे वाक्य तीन-चार चिठ्ठ्यांत होते.

मग गप्पा झाल्या. त्यात मुलांच्या ज्या समजुती बाहेर आल्या त्या इथल्या पालकांनी ऐकाव्यात. सिगारेट वाईट, पण तंबाखू देशी आणि पानाफुलातली, म्हणून तेवढी वाईट नाही. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू नव्हे. सकाळी घेतली की पोट साफ होते. खेळायच्या आधी घेतली की दम टिकतो. आणि एका मुलीने अगदी सहज सांगितले, ‘मॅडम, मुली तंबाखू खात नाहीत. मशेरी लावतात.’

तिचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. ‘खाणे’ आणि ‘लावणे’ ही दोन क्रियापदे आपल्या भाषेत वेगळी आहेत, त्यामुळे आपल्या मनातही ती व्यसने वेगळी झाली. तुम्ही त्या मुलीला विचारा, तू तंबाखू खातेस का? ती नाही म्हणेल आणि ती खोटे बोलत नसेल. म्हणून शाळेत बोलताना प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन बोलायला हवे. मशेरी, मावा, खैनी, गुटखा, तपकीर, बिडी, एकेक नाव. दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर कोणता निरीक्षक येणार? तिथे घरच्यांनीच बघायला हवे.

आता मुलांसाठी थोडे विज्ञान, कारण ‘वाईट आहे’ एवढ्यावर मी तरी शाळेत कधी समाधान मानले नाही आणि तुम्हीही मानू नका. तंबाखूत निकोटीन असते. तंबाखू नुसती चघळण्याऐवजी चुना लावून का मळतात? चुना अल्कलीधर्मी आहे. त्याच्यामुळे निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात उतरते. म्हणजे अंगठ्याने तळहातावर मळतात ती खरे तर एक रासायनिक क्रिया आहे, निकोटीन लवकर पोचवण्याची. ते मेंदूत गेले की क्षणभर बरे वाटते. थोड्या वेळाने ते बरे वाटणे ओसरते आणि चिडचिड सुरू होते. मग पुन्हा घ्यावीशी वाटते. ‘तंबाखूने डोके चालते’ असे म्हणणाऱ्याचे डोके तंबाखूने अडवून ठेवलेले असते, पुडी मिळाली की ते मोकळे होते इतकेच. आणि मेंदू विशी ओलांडेपर्यंत घडत असतो. घडत्या मेंदूला ही सवय लवकर लागते आणि खोलवर लागते. तिसरी-चौथीत सुरुवात करणाऱ्याला सोडणे जड जाते ते म्हणूनच. त्याच्यात मनाचा निग्रह कमी असतो म्हणून नव्हे.

वखारीत किंवा शेतात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दवाने ओल्या झालेल्या तंबाखूच्या पानांत दिवसभर काम केले की मळमळते, गरगरते, कधी उलटी होते. निकोटीन कातडीतूनसुद्धा आत जाते. कातडीतून जाते तर गालाच्या आतून किती जात असेल ते तुम्हीच ठरवा.

सुपारीचेही तसेच. ‘मावा म्हणजे सुपारी’ असे म्हणणाऱ्यांना सांगते, सुपारी एकटीसुद्धा निरुपद्रवी नाही. तिने गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. याची एक साधी तपासणी घरीच करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालायची. साधारणपणे ती जातात. दोनच जाऊ लागली तर दंतवैद्याकडे जायचे.

आपल्या बॅचचा एक मित्र इथे बसला आहे. त्याने परवानगी दिली म्हणून सांगते, नाव सांगणार नाही. त्याचे एकच बोट जाते. पूर्वी हसताना याचा आवाज ग्राउंडच्या पलीकडे ऐकू जायचा. आता तो भाकरी दुधात कुस्करून खातो. मी त्याला विचारले, सुरुवात कधी केलीस? तो म्हणाला, ‘अगं, सुरुवात अशी केलीच नाही. आज्जाची चंची मीच भरून ठेवायचो. पानाच्या खोक्यावर मीच जायचो. पाचवीत एकदा बघूया म्हटलं, बस्स.’ आणि पुढे जे म्हणाला ते मला वाटते आजच्या सगळ्या भाषणाचे सार आहे. ‘मला कुणी खा म्हटलं नव्हतं. पण कुणी आणू नको असंही म्हटलं नव्हतं.’

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगते, कारण तो पुरेसा कडक आहे हे अनेकांना माहीत नसते. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायला बंदी आहे. कर्नाटकाने त्यात दुरुस्ती केली आणि २०२५ पासून आपल्या राज्यात हे वय २१ आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. त्यात ‘विकणाऱ्याला’ एवढेच नाही, ‘देणाऱ्याला’ असेही आहे. पुढच्या वेळी पोराच्या हातात मशेरीची डबी देताना एवढे आठवले तरी पुरे. आणि तरीही २०१९ च्या सर्वेक्षणात दुकानातून सिगारेट विकत घेणाऱ्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांना लहान आहेस म्हणून कुणी नाही म्हटले नव्हते. दुकानदाराने नाही तरी कसे म्हणावे? समोर उभे पोर म्हणते, बाबांनी मागितली आहे. आणि बहुधा ते खरेच असते.

मग करायचे काय? संस्थेकडे आणि माजी विद्यार्थी मंडळाकडे माझी पाच मागणी-वजा सूचना आहेत.

पहिली. तंबाखूविषयी बोलण्याची सुरुवात याच आवारातल्या प्राथमिक शाळेत तिसरीपासून व्हावी. आठ वर्षांच्या मुलाला सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवायचे नाहीत. त्याला एवढेच शिकवायचे की ‘मी आणणार नाही’ हे घरात कसे म्हणायचे. बाई आज्जी होतील, मुले नातवंडे होतील, छोटे नाटुकले करता येईल. मुलाला नकार द्यायची सवय लागते ती तो आधी बोलून बघितला असेल तरच.

दुसरी. तिसरी-चौथीच्या पालक सभेत एकच विनंती करावी. ‘तंबाखू सोडा’ असे सांगून सभा संपवू नये. ते ऐकून पालक पुढच्या सभेला येत नाहीत. विनंती अशी करावी, तुम्ही खाता ते तुमचे तुम्ही बघा, पण मुलाला आणायला पाठवू नका, मळायला लावू नका, डबी त्याच्या हाती देऊ नका. ज्याला स्वतःला सोडणे जमत नाही त्या बापालाही एवढे जमेल. आणि पोराला पाठवता येत नाही म्हणून स्वतः चालत जावे लागले तर दिवसाच्या दोन पुड्या आपोआप कमी होतील.

तिसरी. या आवारात तंबाखू नाही म्हणजे कुणाकडेच नाही. विद्यार्थी, शिक्षक, शिपाईमामा, पालक, ठेकेदाराची माणसे आणि मोटारीतून येणारे आपण माजी विद्यार्थी, सगळ्यांना एकच नियम. आज जेवणानंतर बडीशेप ठेवली आहे, सुपारी नाही. संयोजकांचे त्यासाठी मनापासून आभार.

चौथी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत दंतवैद्य आहेत. वर्षातून एकदा पाचवी ते दहावीच्या सगळ्या मुलामुलींची तोंडे तपासावीत. कुणी खाते का ते पकडण्यासाठी नव्हे, वेळेवर कळावे म्हणून. खर्चाचा वाटा १९९७ ची बॅच उचलेल, आम्ही आपसात बोललो आहोत.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. एखाद्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडली तर त्याला वर्गापुढे उभे करू नका, मारू नका, दाखला हातात देऊ नका. शाळेतून काढलेले पोर खोक्यापाशी उभे राहते, दिवसभर. त्याला जवळ बसवून विचारा, पहिल्यांदा कधी घेतली? सोडायला मदत करणारी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन मोफत आहे, समुपदेशक बोलतात. हा नंबर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा रंगवून ठेवा. मुलाबरोबर त्याचा बापही फोन करेल कदाचित.

शाळेसमोरच्या खोक्यांबद्दल मी वेगळी सूचना केली नाही. त्याचे कारण सांगते. त्यातला एक खोकेवाला आपलाच माजी विद्यार्थी आहे आणि तो इथे आला आहे. पोलिसांना पाठवण्याआधी आपण त्याच्याशी बोलू. वह्या, पेन, चिक्की, ताक, लिंबू-सरबत विकून त्याचे घर कसे चालेल याचा हिशेब मांडून देऊ. मला हिशेब येतो आणि आपल्यात व्यापारी कमी नाहीत. कायदा आहेच, पण आपल्या माणसाला आधी एक संधी द्यावी.

आता सतरंजीवरच्या मंडळींसाठी दोन शब्द. तुमच्यापैकी काहींनी घेतली असेल. तुम्ही वाईट नाही. तुम्हाला कुणीतरी लाडाने हातात दिली आणि तुमच्या मेंदूने त्याचे काम केले. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोके दुखेल, नंतर हळूहळू ओसरेल. एकट्याने करू नका, एखाद्या बाईंना किंवा सरांना सांगा. आणि ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी एक करायचे. घरातल्या लहान भावंडावर लक्ष ठेवायचे. पुढच्या वेळी आप्पा त्याला म्हणाले, ‘जा रं, पुडी घेऊन ये,’ तर तुम्ही म्हणायचे, ‘आप्पा, त्याला नका पाठवू.’ आप्पा रागावतील. आप्पांचे रागावणे तुम्हाला काही नवीन नाही.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एवढेच सांगते. आपल्या आई-वडिलांनी तंबाखूत राबून आपल्याला तिच्यापासून लांब नेले. माझी आई रोज तिच्यात हात घालायची, पण मला तिने वखारीच्या दारातसुद्धा उभे केले नाही. ‘तू हिकडं यायचं न्हाई’ एवढेच म्हणायची. तिला निकोटीन हा शब्द माहीत नव्हता, सर्वेक्षण माहीत नव्हते. पण मुलीला कोणत्या वयात आणि कोणत्या दारातून परत पाठवायचे ते तिला कळत होते. आपण शिकलो-सवरलो, आपल्याला तेवढे तरी जमायला हवे.

या पाचही सूचना लेखी स्वरूपात मी मुख्याध्यापक सरांकडे दिल्या आहेत. येत्या जूनमध्ये तिसरीचा पहिला तास घ्यायला मी रजा काढून येणार आहे. आणखी कोण येणार त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला नावे द्यावीत.